तीनशे फुटांच्या आतले शेजारी

कायद्याला धरून चालायचं तर अर्डिस हॉटालाला तिच्या जागेवर उणे पंधरा फूट रुंदीचं घर बांधता येत होतं.

मार्लिसनं ते कागदावर दोनदा मांडून दाखवलं. जिल्हा कचेरीच्या तळघरात बांधकाम परवान्यांचं खातं होतं आणि त्या खात्यात मार्लिस ब्रेके ही एकटीच बाई गेली बावीस वर्षं बसत होती. पाण्यापासून पंचाहत्तर फूट सोडायचे. रस्त्याच्या मध्यापासून साठ फूट सोडायचे. आणि हेस्टर तळ्याच्या उत्तर काठावरची अर्डिसची जागा रस्त्यापासून पाण्यापर्यंत सगळी मिळून एकशेवीस फूट.

“घर राहिलं बाजूला,” मार्लिस म्हणाली, “आधी पंधरा फूट जमीन कुठूनतरी उसनी आण.”

“आणि आत्ता आहे ते घर कसं उभं आहे मग?”

“ते कायद्याच्या आधीचं. म्हाताऱ्या माणसाला कसं कुणी काही बोलत नाही, तसं. पण ते पाडलंस की तुझा हक्क गेला. नवीन बांधायचं तर मंडळाकडून सूट घ्यावी लागेल. अर्ज, नकाशा, शेजाऱ्यांना नोटिसा, जागेची पाहणी, सुनावणी.”

“किती दिवस?”

मार्लिसनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे सगळ्या जगात सारखंच असतं. पण मार्लिसला रेनोची गोष्ट माहीत होती, त्यामुळे तिनं थट्टा केली नाही. “नोव्हेंबरच्या सुनावणीत बसवते तुला,” ती म्हणाली.

रेनो म्हणजे अर्डिसचा नवरा. जन्मभर तळ्यावर राहिलेला माणूस. उन्हाळ्यात लोकांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करायची, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसायचं, एवढं त्याचं जग. दीड वर्षापूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तेव्हापासून तो चाळीस मैलांवर गावातल्या शुश्रूषागृहात होता, आणि त्याच्या खिडकीतून गाड्या उभ्या करायचं आवार दिसायचं. जुन्या लाकडी घराचे दरवाजे एवढे अरुंद की त्याची चाकाची खुर्ची एकाही दारातून जात नव्हती. अर्डिसनं स्वतः टेप लावून बघितलं होतं. न्हाणीघरात तर ती एकटी वळली तरी कोपर आपटायचं.

सप्टेंबरात डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की येणारा हिवाळा ठीक जाईल, त्यापुढचं काही सांगता येत नाही. ती तडक रेनोच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “तुला तळ्यावर घेऊन जाते. नवं घर बांधते, रुंद दारांचं. पुढच्या उन्हाळ्यात.” रेनोनं डाव्या हाताची बोटं तिच्या अंगठ्याभोवती मिटली आणि पाव तास सोडली नाहीत. आता हे वचन झालं होतं. आणि दिलेलं वचन गिळून बसणारी बाई अर्डिस नव्हती.

नोटिसांची पाकिटं तयार झाली त्या दिवशी ती कचेरीतच होती. नियम असा, की जागेपासून तीनशे फुटांच्या आत ज्यांची ज्यांची जमीन असेल त्या प्रत्येकाला नोटीस जायची. सोबत एक उत्तराचं कार्ड. त्यावर तीन चौकोन: हरकत आहे, हरकत नाही, पाहणीच्या वेळी हजर राहणार. यंत्रातून नावपत्त्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि मार्लिस त्या एकामागून एक चिकटवत होती.

“दे इकडे, मी टाकते पेटीत. वाटेतच आहे,” अर्डिस म्हणाली आणि सवयीनं गठ्ठा चाळू लागली. अठ्ठावीस वर्षं तिनं हेस्टर तळ्याभोवती टपाल वाटलं होतं. पाकीट हातात आलं की पत्ता वाचल्याशिवाय तिला राहवायचं नाही.

“मार्लिस, हे तिघं कोण गं?”

“कोण तिघं?”

“खालचा रस्ता. नऊ, अकरा आणि तेरा नंबर. हिल्मा रांटा, अँटन ब्योर्क, सोफी लाहती.”

मार्लिस उठून आतल्या फळीवरून कापडी पाठीचा मोठा नकाशा घेऊन आली. तो उलगडताना तिचा चेहरा पडत गेला. “अगं, तुझी जागा अजून एकोणीसशे अकराच्याच नकाशावर आहे. कुणी नवा केलाच नाही. यंत्रानं त्यावरूनच तीनशे फुटांचं वर्तुळ काढलं, आणि मी आपली आंधळ्यासारखी चिकटवत बसले.”

एकोणीसशे तेरा साली आरागिरणीसाठी नदीवर धरण बांधलं, पाणी चढलं, आणि खालचा रस्ता घरादारांसकट तळ्यात गेला. ही गोष्ट हेस्टरमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, पण ती आजोबांचं पहिलं लग्न ठाऊक असतं तशी. तिच्यावर कुणी बोलायचं नाही. तिथली माणसं वर आली, की पश्चिमेला गेली, की आणखी कुठे, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

“काढून टाक मग ती तीन,” अर्डिस म्हणाली.

“यादी बदलायची तर नोटीस पुन्हा काढावी लागते. महिना गेला समज. तोवर मंडळ सुट्टीवर, मग थेट फेब्रुवारी.” मार्लिसनं नकाशा गुंडाळला. “जाऊ दे बाई. ‘पत्ता सापडत नाही’ असा शिक्का बसून परत येतील. मी फायलीला लावून टाकीन.”

फेब्रुवारी म्हटल्यावर अर्डिसनं हट्ट सोडला. सगळी पाकिटं तिनं स्वतःच्या हातानं पेटीत टाकली, ती तीनसुद्धा.

ती परत आली नाहीत.

अर्डिसनं टपाल कचेरीत दोनदा चौकशी केली. तिथं अजून तिच्या हाताखाली शिकलेली माणसं होती, तिला कुणी नाही म्हणणारं नव्हतं. बेपत्ता टपालाची टोपली तिनं स्वतः उलटीपालटी करून पाहिली. त्यात दोन वाढदिवसाची कार्डं आणि एक बियाण्यांचं पुस्तक निघालं. पाकीट जिथं जायला निघतं तिथं पोचतं किंवा परत येतं. मधल्यामध्ये विरघळत नाही. अठ्ठावीस वर्षांत तिनं तरी तसं पाहिलं नव्हतं.

इकडे वरच्या शेजाऱ्यांची उत्तरं आली. पश्चिमेला तीन मजली काचेचं घर बांधून राहणारा ड्वेन फेल्च यानं हरकत घेतली होती. त्याच्या मेहुण्याची जागा पलीकडे होती, त्यानंही घेतली. पूर्वेच्या निवृत्त मास्तरीणबाईंनी तेवढं ‘हरकत नाही’ लिहिलं. मंडळाचा जुना शिरस्ता असा, की हरकती जास्त असल्या तर सूट द्यायची नाही.

ड्वेन तिला किराणा दुकानात भेटला. “मनावर घेऊ नका, अर्डिस. तुमच्याबद्दल आदर आहेच. पण एकाला दिलं की उद्या सगळे मागतील.”

“तुमचं घर पाण्यापासून किती आहे हो?”

“शहात्तर फूट,” तो मान ताठ करून म्हणाला.

“छान. तुमच्याकडे दोन पाय आहेत, तेवढं चालून जाता येतं,” अर्डिस म्हणाली आणि दुधाची बाटली घेऊन निघाली. गाडीत बसल्यावर मात्र तिला रडू आलं, आणि रडू आलं याचा राग आला.

नोव्हेंबरच्या दहा तारखेला मार्लिसचा फोन आला. “इकडे ये,” एवढंच ती म्हणाली.

टेबलावर तीन कार्डं होती. मंडळानं पाठवलेलीच. कागद वाळलेला, पण भिजून वाळलेल्या कागदाला येतात तशा त्याला लाटा आलेल्या. तिन्हींवर शिसपेन्सिलीनं तिसऱ्या चौकोनात खूण: पाहणीच्या वेळी हजर राहणार. खाली तीन वेगवेगळ्या वळणांच्या सह्या.

अर्डिसनं सह्यांकडे पाहिलंच नाही. तिनं कार्ड उलटून शिक्का पाहिला. गोल, कडा स्वच्छ, मधोमध तारीख आठ नोव्हेंबर, ह्याच वर्षाची. आणि वरच्या कमानीत गावाचं नाव: खालचं हेस्टर. त्या नावाची टपाल कचेरी एकोणीसशे तेरापासून अस्तित्वात नव्हती. घाईत मारलेला शिक्का कसा दिसतो आणि कामाची लाज असलेल्या माणसानं मारलेला कसा दिसतो, हे तिला अंधारातही कळलं असतं. हा दुसऱ्या जातीचा होता.

“मार्लिस, खरं सांग. हे तू केलंस ना? माझ्यासाठी?”

“मी? मला माझी पेन्शन प्रिय आहे बाई!” मार्लिसचे ओठ पांढरे पडले होते. “जुन्या बाजारात असे शिक्के मिळतात म्हणे. कुणीतरी चेष्टा करतंय.”

“करत असेल,” अर्डिस म्हणाली. पण चेष्टा करणारा माणूस ‘हरकत’ तरी लिहितो नाहीतर ‘हरकत नाही’ तरी. आधी येऊन बघू असं कोण लिहितं? तसं फक्त शेजारी लिहितो.

मंडळाचा अध्यक्ष ऑर्व्हिल स्टेनरूड, वय ऐंशीच्या आसपास, शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला. मार्लिसनं त्याला कार्डं दाखवली तेव्हा त्यानं ती हातभर लांब धरून वाचली. मग म्हणाला, “यादीत नाव आहे. नोटीस गेली आहे. उत्तर मुदतीत आलं आहे. म्हणजे त्यांना ऐकून घ्यावं लागेल.”

“अहो, पण ऑर्व्हिल, ते राहतात कुठे ते तरी बघा!”

“माणूस कुठे राहतो हे बघणं मंडळाचं काम नाही,” ऑर्व्हिल म्हणाला आणि टोपी घालून जेवायला गेला.

पाहणी सोळा तारखेला सकाळी दहाला ठरली. चौदाच्या रात्री वारा पडला, पारा घसरला आणि तळं एका झटक्यात गोठलं. हिम पडलं नव्हतं, त्यामुळे बर्फ काळा आणि नितळ होता, नुसती काच. असं वर्ष दहात एकदा येतं. रेनो धडधाकट असता तर त्या सकाळी घरात थांबलाच नसता, हे अर्डिसला काठावर उभं राहताना वाटलं आणि तिनं मफलर नाकावर ओढला.

ऑर्व्हिल आला, मंडळाचे दोन सदस्य एका गाडीतून आले, मार्लिस फाईल छातीशी धरून आली. ड्वेन फेल्च हातात स्वतःचा टेप घेऊन आला. नव्या घराच्या चार कोपऱ्यांना अर्डिसनं खुंट्या ठोकून त्यांना गुलाबी फिती बांधल्या होत्या. ऑर्व्हिलनं पाण्याच्या कडेपासून पहिल्या खुंटीपर्यंत मोजलं. चाळीस फूट. ड्वेननं आपल्या टेपनं मोजलं. चाळीस फूट.

“नावं वाच,” ऑर्व्हिल म्हणाला.

पाहणीला कोण हजर आहे ते मोठ्यानं वाचून लिहून घ्यायचं, असा नियम होता. मार्लिसनं वाचायला सुरुवात केली. ड्वेन फेल्च. “हजर.” मेहुणा गैरहजर. मास्तरीणबाई गैरहजर, संमती लेखी. मग ती थांबली.

“वाच ना,” ऑर्व्हिल म्हणाला. “यादी पूर्ण कर.”

“हिल्मा रांटा,” मार्लिस म्हणाली.

तळ्याच्या मध्यावर बर्फ घुमला. लांब, खोल, ढोलाच्या पोटातून यावा तसा. तो आवाज बर्फाखालून धावत काठापर्यंत आला आणि त्यांच्या पायांपाशी थांबला.

कुणी दचकलं नाही. ऊन चढायला लागलं की नवा बर्फ बोलतो, हे तळ्यावरच्या पोरालाही माहीत असतं.

“अँटन ब्योर्क.”

पुन्हा तोच आवाज. तेवढाच लांब, त्याच वाटेनं आलेला.

आता एका सदस्यानं दुसऱ्याकडे पाहिलं. ड्वेनच्या हातातला टेप सुटला आणि सर्रकन आत गेला.

“सोफी लाहती,” मार्लिस कुजबुजली.

बर्फ घुमला नाही. सगळं तळं गप्प होतं. आणि मग अगदी काठाशी, खालून, टकटक झाली. बोटाच्या पेरानं दारावर करतात तशी, दोनदा.

ऑर्व्हिलनं बुटाच्या टाचेनं बर्फ ठोकून पाहिला. “चार इंच आहे. धरेल,” तो म्हणाला आणि म्हातारा सरळ चालू लागला. त्याच्या मागे अर्डिस गेली. तिला भीती वाटायला हवी होती, आणि तिला ती वाटलीही. पण पाय थांबले नाहीत.

काठापासून साठेक पावलांवर तो थांबला. अर्डिस गुडघ्यांवर बसली आणि हातमोज्यानं बर्फावरचं गोठलेलं दव पुसलं.

पाणी तळापर्यंत स्वच्छ होतं.

खाली रस्ता होता. त्यावर ना गाळ, ना शेवाळ. चाकांच्या दोन चाकोऱ्या, मध्ये आखूड गवत. ते गवत सगळं एका दिशेला झुकलेलं होतं, रोज ये-जा असलेल्या वाटेवर असतं तसं.

आणि रस्त्याच्या कडेला तीन खांबांवर तीन टपालपेट्या.

जुन्या पत्र्याच्या पेट्या, पुढे झाकण, बाजूला लाल पत्र्याचा छोटा झेंडा. तिच्या आयुष्यातला प्रत्येक दिवस तिनं असल्या पेट्यांपुढे गाडी थांबवण्यात घालवला होता. पेटीचा झेंडा खाली असला की पुढे जायचं. झेंडा वर असला की आत पत्र आहे, थांबायचं.

तिन्ही झेंडे वर होते. लाल रंग कालच दिल्यासारखा होता.

ऑर्व्हिलनं टोपी काढली.

मार्लिस अर्डिसच्या शेजारी येऊन बसली होती आणि तिनं तिचा खांदा घट्ट धरला होता. त्या थंडीत, त्या काळ्या काचेखाली, ते तीन लाल ठिपके एवढे सुंदर दिसत होते की अर्डिसच्या डोळ्यांना पाणी आलं. देवळात गेल्यावर तिला कधी असं वाटलं नव्हतं. कुणीतरी शंभर वर्षं नेमानं, नीटनेटकं जगत होतं, पेट्या रंगवत होतं, पत्रं टाकून वाट बघत होतं. आणि तिच्या हयातीत एकदाही तिनं तिथं गाडी थांबवली नव्हती.

मग नऊ नंबरचा झेंडा खाली आला.

सावकाश. पत्र काढून घेतल्यावर टपालवाला हातानं खाली करतो तसा.

मग अकरा नंबरचा.

मग तेरा नंबरचा.

“पाणबुडे,” ड्वेन मागून म्हणाला. “कुणीतरी पाणबुडे...” त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

ऑर्व्हिलनं टोपी डोक्यावर ठेवली, कानांवर नीट ओढली. “लिहून घे, मार्लिस. पाहणी पूर्ण झाली. सगळे संबंधित हजर.”

दुसऱ्या दिवशी कचेरीच्या टपालात तीन पाकिटं होती. त्यावर तोच स्वच्छ गोल शिक्का. दोघांनी लिहिलं होतं, हरकत नाही. सोफी लाहतीनं हरकत नाहीच्या खाली पेन्सिलीनं एक ओळ जोडली होती: फार वर्षं झाली, शेजार हवाच होता.

सुनावणी सात मिनिटांत आटोपली. ड्वेन फेल्च उठला, आपली हरकत मागे घेतो म्हणाला आणि कुणाकडे न बघता बाहेर गेला. नंतर कळलं की त्यानं तळ्याकडच्या सगळ्या काचांना जाड पडदे लावून घेतले. मंडळानं एकमतानं सूट दिली. अर्डिस घरी येऊन खुर्चीत बसली आणि एकाच वेळी हसली आणि रडली. खालच्या शेजाऱ्यांचे आभार कसे मानायचे हे तिला कळेना. शेवटी ती काठावर गेली आणि मोठ्यानं म्हणाली, “आभारी आहे.” तोवर बर्फावर हिम पडलं होतं आणि खालचं काहीच दिसत नव्हतं.

मे महिन्यात पाया घातला. जुलैत घर उभं राहिलं: एकमजली, रुंद दारांचं, तळ्याकडे मोठी खिडकी. वीस जुलैला रेनो घरी आला. अर्डिसनं त्याची खुर्ची खिडकीशी लावली. त्यानं पाण्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडाची चांगली बाजू हळूहळू वर गेली. दोन वर्षांत तो पहिल्यांदा हसला. आता काही झालं तरी चालेल, असं तिला त्या क्षणी वाटलं. माणसानं असं वाटून घेऊ नये, पण तिला वाटलं.

नव्या घरात कुणी आलं की शेजारी पहिल्या आठवड्यात भरलेलं भांडं घेऊन येतात, ही तिकडची रीत. भांड्याच्या बुडाशी चिकटपट्टीवर आपलं नाव लिहिलेलं असतं. खाऊन झालं की भांडं धुवायचं, आपलं काहीतरी त्यात घालायचं आणि त्या घरच्या दारात स्वतः जाऊन द्यायचं. रिकामं पाठवायचं नाही आणि दुसऱ्याच्या हाती पाठवायचं नाही. मार्लिस जंगली तांदूळ आणि कोंबडी घेऊन आली. मास्तरीणबाई सफरचंदाचा केक घेऊन आल्या. अर्डिसनं दोन दिवसांत दोन्ही भांडी वेलदोड्याच्या गोड पावानं भरून परत केली.

पाचव्या दिवशी सकाळी तिनं तळ्याकडचं दार उघडलं तर पायरीवर निळं एनॅमलचं भांडं होतं.

वर फडकं बांधलेलं. फडकं ओलं. जुलैतलं तळं कोमट असतं, पण भांड्याची कड नोव्हेंबरातल्यासारखी थंडगार होती, बोटं चिकटावीत इतकी. तिनं फडकं सोडलं. आत दुधातलं माशाचं कालवण होतं, बटाटे घातलेलं, आणि त्यातून वाफ येत होती.

बुडाशी पट्टी होती. एस. लाहती.

तिनं भांडं ओट्यावर ठेवलं आणि मार्लिसला फोन करायला आत गेली. मार्लिस फोन उचलत नव्हती. परत आली तेव्हा भांडं रेनोच्या मांडीवर होतं आणि तो चमच्यानं शेवटचा घास घेत होता. चमचा उजव्या हातात होता.

“छान झालंय,” रेनो म्हणाला.

अर्डिसनं खुर्चीशी गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली. ती किती वेळ रडत होती तिचं तिला कळलं नाही. रेनोनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “वेडी कुठली,” तो म्हणाला, अगदी पूर्वीसारखं. आणि मग तिच्या कानाशी, शांतपणे, “भांडं परत करायला हवं. मी नेऊन देतो.”

“बघू,” अर्डिस म्हणाली.

तिनं भांडं साबणाच्या पाण्यात भिजत ठेवलं. धुतलं नाही तर परत जाणार नाही, इतका साधा तिचा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी सकाळी भांडं धुऊन, पुसून, ओट्यावर पालथं घातलेलं होतं. तिनं पुन्हा पाण्यात टाकलं. तिसऱ्या दिवशीही ते पालथंच होतं. ह्या दिवसांत रेनो भरपूर बोलला. होड्यांबद्दल, तिच्या पहिल्या टपालगाडीबद्दल, लग्नात पडलेल्या पावसाबद्दल. ती त्याचा हात धरून ऐकत राहिली आणि रोज न्याहारीला ताजा पाव भाजत राहिली. इतकं सुख तिनं कधी भोगलं नव्हतं.

चौथ्या दिवशी ती उठली तेव्हा ऊन खोलीत आलं होतं. रेनोचा पलंग नीट आवरलेला होता.

तो तळ्याकडच्या दाराशी खुर्चीत बसला होता. अंगात स्वच्छ सदरा, केस विंचरलेले. मांडीवर निळं भांडं, आणि त्यात तिनं आदल्या संध्याकाळी भाजलेला वेलदोड्याचा पाव, वर फडकं टाकलेला.

“दार तेवढं उघड,” तो तिच्याकडे वळून प्रेमानं म्हणाला. “उशीर नको. तिकडे सगळे उठलेत.”

अर्डिसनं कडीवर हात ठेवला आणि खाली पाहिलं. त्याच्या पायांत बूट होते. दोन्ही बुटांच्या नाड्या घट्ट, सारख्या गाठीनं बांधलेल्या होत्या, आणि त्या ओल्या होत्या.